दुरुस्तीचा नाद

नवरात्र बसण्याच्या आदल्या रविवारी आमच्या घरी दरवर्षी एक खटला उभा राहतो. आरोपी माळ्यावर असतात. ओढणी कमरेला घट्ट बांधून सौभाग्यवती शिडीवर चढते आणि त्यांना एकेक करून खाली देते. कन्या ते झाडूनपुसून ओळीने मांडते. आणि मी, आरोपींचा वकील, भिंतीशी हात बांधून उभा असतो. जाळी नसलेला टेबलपंखा, दोन इस्त्र्या, एक कॅसेटप्लेअर, एक छोटा कृष्णधवल टीव्ही, झाकण हरवलेला मिक्सर आणि लहानमोठे सहा रेडिओ. सगळे हजर झाले की सौभाग्यवती शिडीवरूनच विचारते,

"ह्याचं काय करायचं?"

"राहू दे. दुरुस्त करायचंय."

गेली पंधरा वर्षे ह्या प्रश्नात आणि ह्या उत्तरात काना-मात्रेचाही फरक पडलेला नाही. आरोपी निर्दोष सुटतात, धूळ तेवढी घरात राहते, आणि खंडेनवमीला माझा मल्टिमीटर, सोल्डरिंगची आयर्न व वडिलांच्या वेळची पक्कड ह्यांच्यावर झेंडूची फुले पडतात. यंदा मात्र उत्तर देताना मी घुटमळलो. शिडीवरून खाली वाकून पाहावे इतका घुटमळलो. त्या घुटमळण्याची हकीकत सांगावी, म्हणून हा लेख.

माझा धंदा शाळामास्तराचा. दहावीला अजूनही मॅट्रिक म्हणणाऱ्या घरात मी वाढलो, मॅट्रिक झालो, आणि कॉलेजची पायरी न चढता चित्रकलेचा शिक्षक झालो. अधूनमधून कादंबऱ्या लिहितो. परंतु खरा नाद म्हणावा असा मला एकच: बंद पडलेली वस्तू चालू करणे. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला कबुतरांचा, तसा हा. फरक एवढाच, की पत्ते कुटणारा मनुष्य आपल्या नादाला सद्गुण म्हणत नाही. मी म्हणत असे.

ह्या नादाची सुरुवात एका दुःखात झाली. मी आठवीत असताना वडील गेले, आणि त्याच पावसाळ्यात आजोबांनी घेतलेला घरातला व्हॉल्व्हचा रेडिओ मुका झाला. जुन्या लोकांना आठवत असेल. हा रेडिओ लावला की लगेच बोलत नसे. आतले व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागे. मग तापलेल्या धुळीचा किंचित वास येई, तबकडीवरचा हिरवा डोळा हळूहळू उजळे, आणि लांबून कुणीतरी चालत यावे तसा आवाज जवळ जवळ येई. त्या पावसाळ्यात डोळा उजळला नाही. शेजाऱ्यांनी सांगितले, भंगारात द्या, लाकडाचे तरी पैसे येतील. आई काही बोलली नाही. मी तो सायकलच्या कॅरिअरला दोरीने बांधला आणि स्टँडमागच्या रेडिओवाल्या चाचांकडे नेला.

चाचांचे दुकान म्हणजे एका जिन्याखालची पोकळी. त्यांनी मागचा पुठ्ठा काढला आणि मान आत घालून नुसता वास घेतला. "बेटा, पहिलं नाक लाव, मग डोळा लाव, मग हात लाव," ते म्हणाले. आत उंदराने घर केले होते, एक कागदी कंडेन्सर फुटून त्याचे मेण ओघळले होते, आणि काटा सरकवणारा दोरा तुटला होता. चाचांनी माझ्या हाती बॅटरी दिली आणि पाऊण तास मला उभे केले. काम करताना त्यांचा डावा हात सबंध वेळ पायजम्याच्या खिशात होता. ती ऐट नव्हती. व्हॉल्व्हच्या रेडिओत अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब खेळत असतो, आणि वायर काढून ठेवली तरी मोठा कंडेन्सर तो काही काळ पोटात धरून बसतो. दोन्ही हात आत घातले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. एक हात खिशात असला तर निदान ती वाट बंद. ही गोष्ट मला पुढे कुठल्याही पुस्तकात इतकी स्पष्ट भेटली नाही.

रेडिओ घरी आणून लावला तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. निवेदकाचा आवाज ऐकताच ती पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही, रडलीही नाही. बातम्या संपेपर्यंत उभी राहिली आणि मग आत गेली. तवा तापून लाल झाला होता.

असे दृश्य ज्याने तेराव्या वर्षी पाहिले, त्याच्या हातून पुढे एखादी वस्तू सहज फेकली जाईल, ही अपेक्षा चुकीची आहे. मी पुण्याला गेलो की बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाऊ लागलो, पासोड्या विठोबाजवळच्या तपकीर गल्लीत कंडेन्सर आणि व्हॉल्व्ह धुंडाळू लागलो, आणि हळूहळू मला एक तत्त्वज्ञानच सुचले. जी उघडता येते ती वस्तू आपली. जी उघडता येत नाही ती भाड्याची, मग पावती कुणाच्याही नावावर असो.

ह्या कसोटीवर मी घरातल्या एकेका वस्तूची परीक्षा घेत असे. प्रेशर कुकर पहिल्या वर्गात उत्तीर्ण. त्याची रिंग सैल होते, शिटी अडते, व्हॉल्व्ह उडतो, मुठीचा स्क्रू निसटतो. आणि ह्यातला प्रत्येक भाग बोहारणीशेजारच्या टपरीवरही मिळतो. छताचा पंखा उत्तीर्ण. तो मंदावला की शंभरातल्या नव्वद वेळा कंडेन्सर गेलेला असतो आणि तो बदलायला स्टूल व दहा मिनिटे पुरतात. मिक्सर उत्तीर्ण, आणि त्याच्याविषयी मला विशेष जिव्हाळा आहे. १९६३ च्या सुमारास मुंबईच्या सत्यप्रकाश माथुर ह्या इंजिनिअरच्या घरचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकेना. तेव्हा त्यांनी भारतीय मसाला सोसेल अशी मोटर बनवण्याचा ध्यास घेतला, आणि त्यातून 'सुमीत' मिक्सर जन्माला आला. नापास कोण, तर कन्येच्या कानात घालायची ती दोन पांढरी बोंडे. ती डिंकाने कायमची बंद केलेली. आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी झाली की दोन्ही बोंडे केरात. मोबाइललाही मी काठावर पास करतो. पूर्वी त्याची पाठ नखाने उघडून बॅटरी बदलता येत असे. आता त्या साध्या कामाला गरम हवेची बंदूक लागते.

ह्या व्याख्यानात माझा एक हुकमी दाखला असे. १९२४ साली जिनिव्हात जगातल्या बड्या दिवे-उत्पादकांनी आपसात करार केला, की विजेचा दिवा एक हजार तासांपेक्षा जास्त टिकता कामा नये; ज्याचा जास्त टिकेल त्याला दंड. हे मी वर्गातही सांगत असे, आणि मुले 'हो!' म्हणून ओरडत. सांगत नसे ते एवढेच, की तारेचा दिवा जितका अधिक टिकाऊ करावा तितका तो त्याच विजेत कमी उजेड देतो. म्हणजे त्या करारात लबाडी होती, तसे थोडे भौतिकशास्त्रही होते. ते सांगितले तर गोष्टीची मजा जाते. कादंबरीकाराला ही खोड असतेच.

असा मी तत्त्वनिष्ठ मनुष्य, आणि आमच्याकडे एक कपडे धुण्याचे यंत्र होते. दोन टबांचे, अर्धस्वयंचलित. कन्या रांगत होती तेव्हा घेतलेले. एका टबात धुवायचे, तिथून ओले कपडे उचलून दुसऱ्या टबात पिळायला घालायचे, पाणी सोडायचे, पुन्हा भरायचे. इतक्या वर्षांत मी त्याचा पट्टा तीनदा बदलला, टायमर दोनदा, तळाचे सील किती वेळा ते विचारू नका. प्रत्येक दुरुस्तीनंतर मी हात पुसत बाहेर येई आणि अभिमानाने सांगे, "अजून पाच वर्षं बघायला नको."

सौभाग्यवतीचा उजवा खांदा दुखू लागला होता. ती एकदा म्हणाली, "अहो, वरून कपडे टाकले की धुऊन पिळून निघतात, तसलं घेऊ या का?" मी तिला ई-कचऱ्यावर वीस मिनिटे ऐकवले. वर्षभराने तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा ऐकवले, ह्या वेळी जिनिव्हासह. तिसऱ्यांदा तिने विचारले नाही. ह्या मौनाचा अर्थ मला पटवून देण्यात यश आले असा मी घेतला.

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. यंत्राची थ्री-पिन मोरीजवळच्या जुन्या प्लगात जाईना, म्हणून मी तिच्या जागी टू-पिन बसवली, अर्थिंगची हिरवी तार दुमडली आणि तिच्यावर चिकटपट्टी लावली. रविवारी नीट करू म्हटले. रविवारी जुन्या बाजारात एक सुरेख रेडिओ दिसला. त्यानंतरच्या बुधवारी मोटरीत ओल शिरली, करंट बॉडीत उतरला, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेल्या सौभाग्यवतीने टबाच्या कडेला हात लावला.

सुदैवाने हात झटकला गेला. ती मागे पडली, कोपराला लागले, एवढ्यावर निभावले. मी शाळेतून आलो तेव्हा ती कॉटवर बसली होती आणि आई तिच्या कोपराला हळद लावत होती. दोघींपैकी कुणीही मला एक शब्द बोलले नाही. मी मेन स्विच पाडला, यंत्राजवळ बसलो, आणि चिकटपट्टी काढून ती हिरवी तार पाहिली. ज्याला तेराव्या वर्षी एका हाताने काम करायला शिकवले होते, त्याचे हे काम. कन्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली,

"बाबा, दुरुस्त तुम्ही करता. पण वापरते आई."

मुलगी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. माझ्या एवढ्या वर्षांच्या तत्त्वज्ञानात हे एक वाक्य कुठे बसवावे, हे मला त्या रात्री कळेना. वस्तूंचे आपण काही देणे लागतो, असे मी समजत होतो, आणि अजूनही समजतो. ज्याने खाण खणली, ज्याने तार ओढली, ज्याने तो डबा रंगवला, त्या सर्वांचे श्रम त्या वस्तूत आहेत. ती पाच वर्षांत केरात टाकणे हा त्यांचा अपमान आहे. हे खोटे नाही. परंतु ते देणे मी फेडत होतो कुणाच्या खिशातून? ओले कपडे मी उचलत नव्हतो. मला त्या यंत्रातून आनंद मिळत होता आणि तिला खांदेदुखी मिळत होती, आणि वर मी तिला काटकसर शिकवत होतो. काटकसर! त्या रात्री मी वहीत हिशोब मांडला. अकरा वर्षांत मी रेडिओ, व्हॉल्व्ह, हत्यारे आणि पुण्याची एस्.टी. ह्यांवर जो खर्च केला होता, त्यात नवी दोन यंत्रे सहज आली असती. वही मी मिटून ठेवली. कादंबरीतले पात्र इतका ढोंगीपणा करू लागले, तर संपादक 'हे पटत नाही' असा शेरा मारतील.

मला तेव्हा बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांची आठवण झाली. ते १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, आणि आकाशवाणीवरची चित्रपटगीते पाहता पाहता जवळजवळ बंद झाली. हेतू उदात्त होता. जनतेने शास्त्रीय संगीत ऐकावे, अभिरुची सुधारावी. त्याच वर्षी त्यासाठी अखिल भारतीय संगीतसभाही सुरू झाली, आणि तिने देशाला खरोखर मोठे संगीत ऐकवले. जनतेने काय केले? तिने खुंटी फिरवली आणि रेडिओ सिलोन लावले. तिथे १९५२ च्या डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती, आणि दर बुधवारी संध्याकाळी सारा देश अमीन सायानींच्या स्वाधीन होत होता. चाचा सांगत, त्या दिवशी त्यांच्या उस्तादांच्या दुकानापुढे रस्ता अडे. अखेर १९५७ साली आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. सायानी २०२४ साली गेले, तेव्हा मी वर्गात मुलांना हे सारे सांगितले. एका मुलीने विचारले, "सर, मग मंत्री चुकीचे होते का?" मी म्हणालो, "त्यांना चांगलंच हवं होतं." आणि सांगता सांगता मनात आले, की केसकरांच्या श्रोत्यांच्या हाती निदान खुंटी होती. माझ्या घरात ती कुणाच्या हाती होती?

महिन्याभरात नवे यंत्र आले, पूर्ण स्वयंचलित. वायरमनला बोलावून अर्थिंग नीट करून घेतले. मी लांब उभा राहिलो. जुने यंत्र भंगारवाल्याने नेले. वजनकाट्याला अडकवून त्याने सातशे रुपये दिले आणि हातगाडीवर ते उताणे टाकले. गोष्ट इथे संपली असती तर माझ्या जिवाला स्वस्थता लाभली असती. 'वस्तूपेक्षा माणूस मोठा' असे म्हणून मी एखादा सुंदर लेख लिहिला असता. पण पुढच्या सत्रात सातवीच्या वर्गात एक मुलगा माझ्या पुढ्यात चित्राची वही घेऊन आला, आणि वहीला जळक्या प्लास्टिकचा वास होता. बोटांची टोके काळी. मी विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, की शाळा सुटल्यावर नदीकाठी तो आणि त्याचा भाऊ वायरी जाळतात. वरचे प्लास्टिक जळून गेले की तांबे उरते. कालच्या भावाने तांब्याला किलोला किती मिळाले, तेही त्याने मला तोंडपाठ सांगितले. पाढे म्हणताना हाच मुलगा सातच्या पाढ्यापाशी अडतो.

आमच्या जुन्या यंत्राची वायर ह्याच आगीत गेली की आणखी कुठल्या, मला माहीत नाही. कुठल्या तरी आगीत गेली असणार. ई-कचऱ्याचे नवे नियम २०२२ साली झाले, १ एप्रिल २०२३ पासून ते लागूही झाले. त्यांप्रमाणे वस्तू बनवणाऱ्यावरच तिच्या अंताची जबाबदारी आहे. नियम चांगले आहेत. परंतु आमच्या दारावर ते कधी आले नाहीत. दारावर येतो तो हातगाडीवाला.

मी त्या मुलाला शनिवारी शाळा सुटल्यावर थांबवून घेतले. जाळू नको, तो धूर छातीत जातो, असे सांगून मी त्याला सुरीने वायर कशी सोलायची ते दाखवले. लांब चीर द्यायची, टोक दाताने नव्हे तर पक्कडीने धरायचे, आणि साल ओढायची. त्याचा हात माझ्याहून हलका निघाला. अर्ध्या तासात आम्ही दोघांनी मिळून मूठभर तांबे काढले. त्याने ते तळहातावर झेलून वजनाचा अंदाज घेतला आणि अदबीने म्हणाला,

"सर, सोलायला दिवस जातोय. जाळायला धा मिनिटं लागत्यात."

मला दुसऱ्यांदा तेच ऐकू आले. तत्त्व माझे, आणि वेळ त्याचा. पण ह्या वेळी उत्तर तितके सोपे नव्हते. सौभाग्यवतीसाठी मी नवे यंत्र विकत घेतले. ह्या मुलासाठी काय विकत घ्यायचे? आणि ते नवे यंत्र घेतले म्हणूनच तर जुने त्याच्या आगीच्या दिशेने गेले. एका घरातला खांदा वाचवावा तर नदीकाठच्या छातीत धूर जातो. धूर टाळावा तर मोरीत खांदा झिजतो. दोघांच्या मधे उभा राहून खिशात एक हात ठेवता येतो, एवढेच. दुसऱ्या शनिवारी तो मुलगा थांबला नाही. मी त्याच्यासाठी वायर सोलायचे छोटे हत्यार आणून ठेवले होते. ते तिसऱ्या शनिवारी त्याच्या घरी नेऊन दिले. त्याच्या आईने चहा केला. हत्यार तो वापरतो की नाही, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. वहीचा वास कधी येतो, कधी येत नाही.

तर यंदाच्या खटल्यात मी घुटमळलो तो ह्या सगळ्यामुळे. पुढ्यात सहा रेडिओ होते. कबूल करतो, की त्यांतले चार मी कधीही दुरुस्त करणार नव्हतो. "आजोबांचा आणि हा तपकिरी, एवढे दोन राहू देत," मी म्हणालो. "बाकीच्यांचे व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर काढून घेतो. पंखा दे शाळेत, जाळी मी बसवतो."

सौभाग्यवती शिडीवरून दोन पायऱ्या खाली आली आणि माझ्या कपाळाला उलटा हात लावून ताप पाहिला. कन्या हसून लोळली. पलीकडून आई म्हणाली, "अगं, त्याला आधी चहा द्या."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नवे यंत्र मधेच थांबले. पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा लुकलुकू लागला. माझे हात शिवशिवले. मी पक्कड घेऊन निघालो सुद्धा. पण सौभाग्यवतीने मला दाराशीच अडवले. तिने प्लग काढला, पायांत रबरी चपला घातल्या, पुस्तिका मांडीवर घेतली आणि तिच्यातल्या चित्राबरहुकूम खालचे छोटे झाकण फिरवून गाळणी बाहेर काढली. आत कन्येची केसांची पिन, शर्टाचे बटण आणि दोन रुपयांचे एक नाणे होते. गाळणी धुऊन तिने परत बसवली. यंत्र सुरू झाले. मी दाराच्या चौकटीला टेकून हे सारे पाहत होतो, आणि प्रथमच माझ्या लक्षात आले, की काम करताना तिचा डावा हात सबंध वेळ पाठीशी होता.

"हे कुणी शिकवलं?" मी विचारले.

"सोळा वर्षं तुमच्या हाती बॅटरी कोण धरतंय?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेच्या पाटावर माझ्या हत्यारांशेजारी ते दोन रुपयांचे नाणे मांडलेले होते. त्याच्यावरही झेंडूचे फूल होते.